शिकलगाराची विळी

मेहमुदा ओढणीखाली काहीतरी दाबून परड्यात निघाली, तसं सिकंदरने धार लावायचं चाक थांबवलं आणि अनवाणीच आपल्या पोरीच्या मागे गेला.

मंगळवार पेठेत शिकलगार म्हणून त्याचं नाव होतं. पण महिन्याभरात दुकानातून धोंडुबाईची कात्री गेली, मग एक अडकित्ता, आणि आज आकाराम न्हाव्याचा वस्तरा. संशय घ्यायला दुसरं माणूस नव्हतंच. चौदा वर्षांची पोर, पण अख्ख्या पेठेला पुरून उरलेली. वर्गातल्या एकीच्या डोक्यात पाटी घातली म्हणून शाळेतून नाव काढलेलं, आणि खोटं तर कायम जिभेवर. अलीकडे ती जेवत नव्हती, भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. सिकंदर त्याला सोंग म्हणायचा. वस्तरा विकला तर दुकानाची अब्रू जाईल, आणि विकला नाही तर तो कुणावर चालेल, या धास्तीने तो सकाळपासून तिच्यावर नजर ठेवून होता.

त्यात बायकोने, कुलसुमने, सकाळीच टोमणा मारला होता, की विळी कापत नाही, शिकलगाराच्या घरात भाजी हाताने तोडायची पाळी आली. परवाच तर त्याने विळीला धार लावून दिली होती.

मेहमुदा धुण्याच्या दगडाशी उकिडवी बसली होती. दगडावर पातं घासल्याचा आवाज येत होता. पोर आता धार लावायला लागली, असं वाटून तो चरकला आणि त्याने तिचं मनगट धरलं. वस्तरा खाली पडला. दगडामागे कात्री होती, अडकित्ताही होता.

सवयीने त्याने वस्तऱ्यावर अंगठा फिरवला. धार नव्हती. कात्रीला नव्हती, अडकित्त्यालाही नव्हती. पातं आडवं घासून घासून तिने सगळ्यांची धार मारली होती.

"हे कशापायी केलंस?"

तिने कात्री पायाने त्याच्याकडे सरकवली.

"धार दिसली की हात तिकडंच जातोय, अब्बा."

"कुणावर उगारणार हुतीस?"

तिने मोकळ्या हाताची बाही बोटांपर्यंत खाली ओढली.

पोर स्वतःच्याच हाताला भीत होती, हे उमजून सिकंदरला स्वतःची लाज वाटली. त्याने पकड सैल केली, पण मनगट सोडलं नाही.

तेवढ्यात कुलसुम विळी घेऊन दारात आली.

"वाईच धार लावून द्या की हिला."

"नगं," तो म्हणाला. "आपल्या घरात बोथटच असू दे."