एका धन्य शब्दाची उतरण

मी एक जुना इंग्रजी शब्द आहे. कुळाने विशेषण, नाव 'सिली'. मित्रांनो, हसू नका. दूरच्या थंड देशात मी जन्मलो, तेव्हा माझा अर्थ होता 'धन्य'. ज्याच्यावर देवाची कृपा, त्यालाच लोक माझ्या नावाने गौरवीत.

पुढे धन्याचा मी निष्पाप झालो. निष्पापाला जग दुबळा समजते. म्हणून कोकरांना आणि निराधार विधवांना कणवेने माझे नाव लावले गेले. दुबळ्याचा भोळा झालो, भोळ्याचा मूर्ख. तुमच्या संस्कृतातील 'मुग्ध' याच वाटेने उलट चालला. तो मूळचा भ्रमात पडलेला, पुढे मोहक झाला. आज लोक लेकीचे नाव कौतुकाने मुग्धा ठेवतात. मी मात्र पायरीपायरीने उतरत विदर्भातील नांदुऱ्याच्या एका शाळेत येऊन पोचलो.

तेथे प्रतिमा मॅडम प्रकाशाचा पाठ शिकवीत होत्या. मनाली नावाची मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, सावलीले वजन असते काय?"

"सिली क्वेश्चन. बस खाली."

वर्ग हसला. त्या दिवसापासून मनालीने प्रश्न विचारणे सोडले. घरीही ती अबोल झाली.

"काऊन वं मने, चूप बसून राह्यली?" तिची आजी जनकाबाई म्हणाली.

"म्याडमनं मले सिली म्हनलं. म्हंजे येडी."

दुसऱ्या दिवशी जनकाबाई शाळेच्या व्हरांड्यात उभी राहिली. "म्याडम, आमची पोरगी इचारून इचारून डोकं खाये. आता तोंडच उघडत नाही. तुमी तिले येडी म्हनलं म्हन्ते."

"अहो आजी, सहज म्हणाले मी. ती काही शिवी नाही."

"असं काय? मंग आमी बी म्हनाव काय तुमाले?"

प्रतिमा मॅडम हसू गेल्या, पण हसू आले नाही. वर्गात परतून त्यांनी मनालीला जवळ बोलावले. "मी चुकले, बाळ. तू विचारत जा." मनालीने मान हलवली, बोलली मात्र नाही. दिवस तसेच गेले.

मग आरशाचा पाठ निघाला. मनालीचा हात अर्धा वर आला, खाली गेला, पुन्हा वर आला.

"मॅडम, आरशात डावं-उजवं उलटं दिसते, मंग वर-खाली काऊन नाही?"

कोणीतरी फिदकन हसले. सवयीने मी मॅडमच्या ओठांपर्यंत आलो. त्यांनी मला गिळले आणि त्या म्हणाल्या, "मला नीट सांगता येणार नाही. चल, आरसा आण. पाहू या."

मित्रांनो, शतकानुशतके मी उच्चारला गेलो. माझा खरा सन्मान मात्र त्या दिवशी झाला, मला न उच्चारल्याने. कोणी प्रश्न विचारील, तेव्हा मला असेच ओठांआड राहू द्या.