गॅस अपडेट

बाबांच्या आतड्याचं ऑपरेशन होऊन तीन दिवस झाले होते आणि सगळं घर एकाच गोष्टीची वाट बघत होतं: गॅस सुटण्याची. तो सुटेपर्यंत चहाचा थेंबही द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. संध्याकाळपर्यंत नाहीच सुटला तर नाकातून नळी. भावाने त्यासाठी खास ग्रुप काढला, ‘गॅस अपडेट’.

मी प्रयोगशाळेत अडकले होते. तिथेही गॅसच. टंगस्टनच्या नखाएवढ्या चकतीवर आम्ही हेलियमच्या आयनांचा मारा केला होता. त्या माऱ्याने धातूतले अणू जागचे उडतात, बारीक पोकळ्या पडतात आणि हेलियम त्यांत ठाण मांडून बसतो. मग चकती हळूहळू तापवायची आणि तो कधी, किती सुटतो ते मोजायचं. एकदा तापवायला घेतली की मध्येच उठता येत नाही, हे मी बाबांनाही सांगून आले होते. त्यासाठी सरांचाही एक ग्रुप होता. त्याचंही नाव ‘गॅस अपडेट’. शास्त्रज्ञांना नावं सुचत नाहीत, आणि माझ्या भावालाही.

आठशे अंशांपर्यंत सगळं ढिम्म. मी चकतीवर चिडले, बाबांवर चिडले. खरं तर मी घाबरले होते. नऊशेला आलेख ताडकन वर गेला. आनंदाच्या भरात मी मेसेज टाकला, "सुटला! भरपूर!!"

घरच्या ग्रुपवर.

पुढचं मला आईनेच नंतर सांगितलं. तिला वाटलं, डॉक्टरांनी मला आधी कळवलं असणार. ती चहा घेऊन थेट खाटेपाशी.

"अगं, पण मला कसं नाही कळलं?" बाबा म्हणाले.

"तुम्ही झोपेत होतात."

"तरीपण..."

"ती शिकलेली आहे. प्या मुकाट्याने."

अर्धा कप पोटात गेला आणि सिस्टर आल्या. "कुणी सांगितलं सुटला म्हणून?"

आईने फोन पुढे केला. तेवढ्यात माझा पुढचा मेसेज आला. सिस्टरनी तो मोठ्याने वाचला, "अजून सुटतोय. हजार अंशांपर्यंत तापवते."

बाबांना हसू फुटलं. पोटाचे टाके दोन्ही हातांनी धरून ते हसत राहिले, आणि मग जे झालं ते अख्ख्या वॉर्डाने ऐकलं.

त्यांनी स्वतः फोन केला. "तुझ्या चकतीला किती लागलं गं?"

"नऊशे अंश, बाबा."

"मला अर्धा कप."

मी तिथेच ढसाढसा रडले. सरांना वाटलं, रीडिंग चुकलं.