नखाखालची लाली

कामरगावजवळच्या मळ्यात हौसाबाई सकाळपासून ओट्यावर बसत होती नि लगेच उठत होती. आठ दिवसांपूर्वी लग्न होऊन आलेल्या तिच्या सुनेला, सीतेला, काल वांगी तोडताना मनगटावर गांधीलमाशी चावली होती. हात टम्म सुजला होता. हिरव्या चुड्याच्या बांगड्या मांसात रुतल्या होत्या. हळद झाली, साबण झाला, एक बांगडी सरकेना. सीतेचा नवरा नथ्थू म्हणाला, वाढवून टाका, म्हणजे फोडा. तर आईनं त्याला मोटेवर पिटाळलं. नव्या नवरीचा चुडा सव्वा महिन्याच्या आत वाढवायचा म्हणजे नवऱ्याच्या जिवाशी खेळ! चुड्यापुढं सुनेच्या हाताचं हौसाबाई मनावर घेत नव्हती.

शेवटी चुडा भरणाऱ्या हुस्नाबानोलाच बोलावलं. न फोडता उतरव, म्हणून.

तिनं सीतेच्या बोटाचं नख दाबून सोडलं. पांढरं झालं, ते पांढरंच राहिलं. मग हौसाबाईचं दाबलं. सोडताच लाल.

"हे पाहा," हुस्नाबानो म्हणाली. "नथ्थूचं पानी पाटातून सरीत, सरीतून मुळाशी जाते ना? आंगात बी केसाहून बारीक नळ्या हायेत. माहा भाऊ वहाब दवाखान्यात पट्ट्या बांधते, त्यानं सांगतलं. त्यायची भित लय पातळ. रगतातलं खानं अन् हवा तिथूनच मासाले भेटते, घान तिथूनच वापस जाते. बांगड्यायनं वापसीची वाट दाबली, म्हनून हात फुगून राह्यला. आता येनारं रगत बी थांबून राह्यलं."

"अन् माह्या पोराले काई झालं त?"

"एक वाफा तहानला त तुमी शेजाऱ्यासंगं भांडता. हा हात सडला त कापा लागन. मंग चुडा कायच्यावर भरू?"

हौसाबाई दारापर्यंत गेली, परत आली. मग फडताळातून स्वतःच अडकित्ता काढून आणला.

हुस्नाबानोनं बांगड्यांखाली फडक्याची चिंधी सरकवली. एकेक बांगडी कडकन वाढली, नि प्रत्येक वेळी हौसाबाईनं विहिरीकडे कान दिला. नथ्थूच्या मोटेचं चाक कुरकुरतच होतं. शेवटची बांगडी पडली. बऱ्याच वेळानं सीतेच्या नखाखाली फिकट गुलाबी रंग चढला. "माय वो!" म्हणत हौसाबाई सुनेचं एकेक नख दाबून पाहू लागली.

सूज उतरल्यावर नवा चुडा भरला. हौसाबाई शेजारी बसून बजावत होती, "सैल भर, बानो."

बायांनो, हाताला सूज येताच आधी बांगड्या नि अंगठ्या उतरवा, मुहूर्त पाहू नका. केसाहून बारीक त्या नळ्या, डॉक्टर ज्यांना केशवाहिन्या म्हणतात, आपल्या रीतींसाठी थांबत नाहीत. घरचं सौभाग्य पाहायचंच असेल, तर सुनेचं नख दाबून पाहा. लाली परतली, की लक्ष्मी घरात आहे असं खुशाल समजा.