उकळलेला खडा

मुलांनो, कल्पना करा, मुगाच्या डाळीएवढा एक खडा तुमच्या तळहातावर आहे. पिवळट, खरखरीत. त्याच्या आत जंतूंची वस्ती आहे की नाही, हे नुसतं बघून सांगता येईल? मला आलं नाही, आणि मी तर तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेलं.

तो माझा तिसरा मुतखडा. परदेशात, सेंगकांगला मुलाकडे राहायला आलो आणि पुन्हा दुखायला लागलं. इथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काही जंतू लघवीत राहून तिचा गुण बदलतात, मग त्यातले क्षार साचून खडा होतो. सगळेच खडे तसे नसतात, पण तुमचे असावेत. आतले जंतू जिवंत सापडले तर नेमकं औषध देता येईल. नाहीतर चौथा होईल. त्यांचं भरभर इंग्रजी माझी नऊ वर्षांची नात एकता मला मराठीत सांगत होती.

"आजोबा, लघवीच्या गाळणीत खडा पडला की या डबीत टाकायचा. धुवायचा नाही. डर्टीच पाहिजे."

"बरं, बाई."

मग रोज शाळेतून आली की विचारायची, "आला का तुमचा पाहुणा?"

आला तो सकाळी, ती शाळेत असताना. गाळणीतला खडा बघून मला लाज वाटली. असलं काही परक्या बाईच्या हातात कसं द्यायचं? जन्मभर पोरांना हात धुवायला लावणारा मी. लहान पातेल्यात दहा मिनिटं उकळला, पुसला, डबीत ठेवला. पातेल्याच्या तळाला पांढरी कड राहिली, ती काही जाईना.

आठवड्याने डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, खड्यात जिवंत काहीच सापडलं नाही. मग एकताकडे वळून विचारलं, "धुवायचा नाही, हे आजोबांना सांगितलं होतंस ना?" एवढं इंग्रजी मला कळत होतं.

एकताने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचं मूत्रपिंडाचं चित्र बघत राहिलो.

"सॉरी, डॉक्टर. विसरले."

एकच वाक्य बोलायचं होतं. मराठीत बोललो असतो तरी चाललं असतं.

परतताना एलआरटीच्या गाडीत मी म्हणालो, "एकता..."

"इट्स ओके लाह, आजोबा," ती खिडकीबाहेर बघत इथल्या पोरांच्या ढंगात म्हणाली.

घरी आल्यावर तिने डॉक्टरीणबाईंनी दिलेली नवी डबी काढली आणि मी शिकवलेल्या अक्षरांत झाकणावर लिहिलं, 'धुवायचा नाही. उकळायचा पण नाही.'

उकळल्याचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

डबी तिने बाथरूममध्ये गाळणीशेजारी ठेवली. मग ओट्यावरचं लहान पातेलं घेतलं आणि तळाची पांढरी कड घासायला लागली.