शिवायचं की कापायचं

"शिवायची की कापायची, ते तुम्हीच सांगा," डॉक्टर बल्हाज म्हणाले. त्यांनी एमआरआयची फिल्म उजेडाच्या पाटीवर लावली होती आणि पेनाच्या टोकाने ते त्यातली एक पांढुरकी रेघ दाखवत होते. शादलीला ती रेघ दिसली नाही, पण त्याने मान हलवली.

उजव्या गुडघ्यातली गादी फाटली होती. फाटलेला तुकडा दुर्बिणीतून कापून काढला, तर दोन-अडीच महिन्यांत पळता आलं असतं. मात्र पुढे गुडघा लवकर झिजणार. शिवली, तर गुडघा टिकण्याची आशा जास्त. पण मग सहा आठवडे पायाला पट्टा, काखेत कुबड्या आणि निदान अर्धं वर्ष पळायचं नाव काढायचं नाही. शिवण धरेलच याचीही हमी नव्हती.

"आणि काहीच केलं नाही तर?"

"तर चालाल की. व्यायाम करा, वजन सांभाळा. पळणं आणि झटकन वळणं मात्र विसरा." डॉक्टरांनी समोरचा कागद पाहिला. "धान्याच्या गोदामात वजनकाट्यावर असता ना? बसून काम. मग पळायचंय कशाला?"

"मी लाइनमन आहे. फुटबॉलचा. रविवारी."

डॉक्टरांनी पहिल्यांदाच त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. "इथे केफला?"

"केफ सोडून. आपल्या गावची मॅच आपल्याला देत नाहीत. जेंदुबा, बेजा, सिलियाना, पाठवतील तिथे."

"मी बेजाचा," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे मी तुम्हाला शिव्या दिल्या असणार."

"दिल्या असतील, डॉक्टरसाहेब. आम्हाला मागे वळून बघायची सोय नसते."

डॉक्टर हसले. शादली हसला नाही, कारण त्याने विनोद केला नव्हता.

एकोणीस वर्षं तो झेंडा घेऊन रेषेवर पळत होता. बहुतेक तिसऱ्या फळीतले सामने. एक मोसम दुसऱ्या फळीत मिळाला, मग पुन्हा खाली. त्याचं नाव कधी कुठल्या पेपरात आलं नाही. लाइनमनचं नाव येतं ते चुकल्यावर, आणि शादलीच्या चुका पेपरात येण्याइतक्या मोठ्या मैदानांवर झालेल्या नव्हत्या. पंचेचाळिशीला निवृत्ती ठरलेली. त्याला त्रेचाळीस पूर्ण झाली होती.

घर चढावर होतं, वरच्या गल्लीत. जाताना तो भिंतीला हात लावत पायऱ्या चढला आणि दारापाशी येऊन हात खिशात घातला. बायकोने, वसीलाने, ते खिडकीतून पाहिलं होतं.

जेवताना तिने मसुराच्या सूपचं भांडं मधे ठेवलं आणि विचारलं, "काय म्हणाला डॉक्टर?"

त्याने सांगितलं.

"मग शिवून घे. यात विचारायचं काय?"

"शिवली तर हा मोसम गेला. पुढच्याची पळायची चाचणी ऑगस्टमध्ये. तोवर पाय तयार होईल का, देव जाणे."

"न होईना. ज्यांच्यासाठी पळतोस, ते दर रविवारी उम्मीचा, तुझ्या आईचा, उद्धार करतात. ते रडणार आहेत का तू गेलास म्हणून?"

शादलीची आई मब्रूका भिंतीजवळच्या उंच स्टुलावर बसून जेवत होती. जमिनीवरच्या गादीवर बसणं तिने कधीच सोडलं होतं. तिचे दोन्ही गुडघे बाहेरच्या बाजूला वाकले होते आणि ऑपरेशनचं नाव काढलं की ती कानाला हात लावून ऐकू येत नसल्याचं दाखवायची.

"माझा उद्धार करतात तर करू देत," ती म्हणाली. "या वयात माझी आठवण दुसरं कोण काढतंय?"

"उम्मी, तुम्ही त्याला आणखी चढवू नका."

"मी कुठे चढवतेय? तोच चढतोय, भिंतीला धरून." म्हणजे तिनेही पाहिलं होतं.

सूसला कॉलेजात असलेल्या मुलीने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि ती म्हणाली, "बाबा, शिवा." मग परीक्षेचं बोलायला लागली.

शादलीने काहीच ठरवलं नाही. बाजारातल्या एका दवाखान्यात जाऊन गुडघ्यात इंजेक्शन घेतलं. दुखणं बरंच कमी झालं, आणि डिसेंबरात डोंगरापलीकडच्या एका खाणगावातली मॅच आली तेव्हा त्याने हो म्हटलं.

रात्रभर पाऊस पडून गेला होता. रेषेच्या बाजूला चिखल झाला होता. पहिला अर्धा भाग बरा गेला. दुसऱ्यात, पाहुण्या संघाने मधल्या फळीतून एकदम लांब चेंडू टाकला, बचावपटू वळले, त्यांच्याबरोबर शादली वळला, आणि गुडघ्यात काहीतरी अडकलं. दार अर्धवट उघडून अडकतं तसं. तो थांबला. पाय झटकला, तेव्हा तो सुटला. पण एवढ्यात खेळ त्याच्या पुढे निघून गेला होता आणि अकरा नंबरच्या खेळाडूने चेंडू जाळ्यात मारला होता.

शेवटच्या बचावपटूच्या रेषेत उभं राहिलं तरच ऑफसाइड दिसतो. शादली बराच मागे होता. त्याला फक्त पाठी दिसत होत्या. सगळं मैदान त्याच्याकडे बघत होतं.

त्याने झेंडा वर केला.

गोल रद्द झाला. पाहुण्यांचा प्रशिक्षक बाकावरून उठून जे काही बोलला, त्यात मब्रूकाचाही समावेश होता. अकरा नंबरवाला मात्र ओरडला नाही. तिशीचा, टक्कल पडू लागलेला माणूस. बहुधा त्याचंही खेळणं संपत आलेलं असावं. तो जवळ आला आणि हळूच म्हणाला, "तुम्ही पाहिलंत?"

"पाहिलं," शादली म्हणाला.

परतीच्या भाड्याच्या गाडीत मुख्य पंच रिदा त्याच्या शेजारी बसला होता. दोघं बरीच वर्षं एकत्र हिंडत होते. रिदा सूर्यफुलाच्या बिया फोडत होता आणि सालं रुमालात जमा करत होता. घाट चढल्यावर त्याने विचारलं, "त्या गोलचं. नक्की होतं ना?"

"नक्की."

रिदा पुढच्या बिया फोडत राहिला. बिया संपल्यावर त्याने रुमालाची गाठ मारली.

चुका शादलीने पूर्वीही केल्या होत्या. पाहून चुकला होता, उन्हामुळे चुकला होता, एकदा तर शिंक आल्यामुळे चुकला होता. त्या चुकांनी त्याची झोप गेली नव्हती. पण न पाहता त्याने कधी झेंडा वर केला नव्हता. सोमवारी वजनकाट्यावर गव्हाचा ट्रक उभा असताना त्याने डॉक्टर बल्हाजांना फोन लावला आणि तारीख मागितली.

"शिवायची की कापायची?"

"कापा. मार्चात मैदानावर आलो पाहिजे."

तारीख जानेवारीच्या शेवटची मिळाली. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी थंडी कडक होती. खालच्या रस्त्यावर शेजारी बशीर पिकअप घेऊन थांबला होता. वसीला पिशवी घेऊन पुढे गेली. शादली पायऱ्या उतरून खाली पोचला, तेव्हा वरून आईचा आवाज आला, "थांब, मी येते."

"कशाला येतेस, उम्मी? वरूनच दुवा दे."

"वरून दिलेली लागत नाही."

मब्रूका पायऱ्या उलटी उतरायची. तोंड वरच्या बाजूला, दोन्ही हात भिंतीवर, आधी एक पाय खाली चाचपायचा, मग दुसरा. किती वर्षं ती अशीच उतरत होती. त्यात बघण्यासारखं काही आहे असं घरात कुणाला वाटत नसे. शादली रोज तिच्या बाजूने भराभर उतरून कामाला जायचा. आज त्याला घाई करता येत नव्हती. तो खाली उभा राहिला आणि तिची पाठ बघत राहिला. मधे एकदा तिने पाय खाली सोडला तो पायरीपर्यंत पोचेना. तिने तो पुन्हा वर घेतला, दम खाल्ला, परत सोडला. बशीरने हॉर्न वाजवला नाही.

खाली आल्यावर तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, काहीतरी पुटपुटली आणि म्हणाली, "जा. मी इथेच उन्हाला बसते. लगेच वर जायला माझ्यात त्राण नाही."

ऑपरेशनच्या खोलीत ढकलत नेत असताना डॉक्टर हिरवी टोपी घालून शेजारून चालत होते. शादली म्हणाला, "जमत असेल तर शिवा."

"फोनवर तर कापा म्हणालात."

"हो."

डॉक्टरांनी टोपी नीट केली. "मग उन्हाळा घरीच काढाल."

"काढेन."

शिवण जमली. डॉक्टर समाधानी होते. शादलीला त्यातलं पहिले काही दिवस काहीच कळलं नाही. कळत होता तो पाय, जो एखाद्या दुसऱ्याचा असावा तसा पट्ट्यात सरळ पडून होता. संडासला जायचं तरी वसीलाच्या खांद्यावर भार टाकावा लागे. ती बालवाडीत शिकवायची. रोज तिथे मुलांची नाकं पुसून घरी आली की इथलं लघवीचं भांडं उचलायची. एकदा तो म्हणाला, "तुला फार त्रास झाला," तर ती म्हणाली, "झाला. पाय वर ठेव."

मांडी बारीक होत गेली. हे त्याला सगळ्यात जास्त लागलं. एकोणीस वर्षांत तयार केलेली मांडी दोन आठवड्यांत कपडा धुऊन आटावा तशी आटली. सईदा नावाची फिजिओ घरी यायची, जाडजूड आणि मोठ्या आवाजाची. "पाय सरळ. आता वर. धरून ठेवा. लाइनमन ना तुम्ही? झेंडा वर धरता ना, तसाच पाय धरायचा."

समोर स्टुलावर बसून मब्रूका हे सगळं बघायची. तिसऱ्या-चौथ्या खेपेला तिनेही हळूच पाय उचलला.

"या, हाजिया, तुम्हीपण या," सईदा म्हणाली. "एकाच पैशात दोन गिऱ्हाइकं."

"मला काही झालेलं नाही," मब्रूका म्हणाली. "हा एकटा वेडा दिसतो, म्हणून सोबत करतेय."

तेव्हापासून सकाळी दोघं समोरासमोर पाय उचलायचे. शादलीचा पाय थरथरायला लागला की मब्रूका म्हणायची, "पडला. माझा अजून वर आहे." तिचा वीतभरही वर गेलेला नसे.

फेब्रुवारीच्या शेवटी रिदा आला. संत्र्यांची पिशवी दाराशी ठेवली, कॉफी घेतली, गुडघा पाहिला आणि छान आहे म्हणाला. पट्ट्यामुळे गुडघा दिसतच नव्हता.

"तुझ्या जागी जेंदुबाचा एक जण घेतलाय," थोड्या वेळाने तो म्हणाला. "चांगला आहे. पाय हलके आहेत त्याचे."

"बरं झालं."

"ऑगस्टच्या चाचणीला येशील ना?"

"बघू."

दोघांनाही त्या 'बघू'चा अर्थ समजला. बाहेर कुणीतरी गॅसच्या टाक्या खणखणवत गल्लीतून गेलं. शादली म्हणाला, "रिदा, तो खाणीवरचा गोल. मी पाहिला नव्हता."

"मला वाटलंच होतं."

"मग गाडीत बोलला नाहीस?"

"काय बोलणार? शिट्टी माझी होती." रिदाने कप बशीत ठेवला. "तू कुठे उभा होतास ते मला दिसत होतं. तरी मी वाजवली."

मग त्याने एक संत्रं सोललं आणि अर्धं शादलीला दिलं.

मार्चात ऊन पडायला लागलं. एका रविवारी बशीर म्हणाला, गावच्या मैदानावर मॅच आहे, चल, पिकअपमध्ये नेतो आणि आणतो. शादलीने नको म्हटलं. मब्रूका म्हणाली, "मला ने. इतकी वर्षं माझं नाव जिथे घेतात, ती जागा मी एकदाही पाहिलेली नाही."

"उम्मी, इथे नाही घेत. दुसऱ्या गावांत घेतात."

"सारखंच असेल."

शेवटी दोघंही गेले. मैदानाच्या एका अंगाला बसायला पायऱ्या होत्या; दुसऱ्या अंगाला काहीच नव्हतं, तिथे रेषेपासून थोडं मागे बशीरने प्लास्टिकच्या दोन खुर्च्या मांडल्या. मब्रूकाने अंगावरची सफेद चादर आवरून घेतली. शादलीने कुबड्या खाली ठेवल्या आणि पाय समोर पसरला. पट्ट्यात तो वाकत नव्हता.

या बाजूला रिदाने सांगितलेला तो जेंदुबाचाच लाइनमन होता. शादली चेंडूकडे बघत नव्हता. तो त्या माणसाचे पाय बघत होता. तोंड मैदानाकडे ठेवून तो आडवा पळत होता, बचावपटू पुढे सरले की पुढे, मागे आले की मागे. रिदा खोटं बोलला नव्हता.

मागून एका जाड आवाजाने त्या लाइनमनच्या आईला धुऊन काढलं. मब्रूकाने मान वळवली.

"हे कुणाच्या आईला?"

"त्याच्या."

"कुठे असते ती?"

"जेंदुबाला असेल."

"आहे का पण?"

"मला काय माहीत, उम्मी."

मब्रूका जाड आवाजाच्या माणसाकडे बघून म्हणाली, "बाबा, जरा हळू. मला कमी ऐकू येतं, तरी ऐकू आलं." तो माणूस ओशाळला.

दुसऱ्या भागात खेळ याच कोपऱ्याकडे सरकला. एक बचावपटू घसरला, चेंडू रेषेबाहेर गेला, खेळ थांबला. पुढचं सगळं नीट दिसावं म्हणून शादली खुर्चीत पुढे सरकला होता. लाइनमन परत येताना त्याच्यासमोर थांबला. त्याला दम लागला होता. आवाज मात्र अदबीचा होता.

"काका, पाय जरा मागे घ्या. रेषेवर आलाय."

शादलीने पाहिलं. त्याची टाच चुन्यावर होती. त्याने दोन्ही हातांनी मांडी धरली, पाय उचलला आणि बाजूला, खुर्चीच्या कडेला ठेवला. बुटाला लागलेला चुना त्याने हाताने झटकला. वर पाहिलं तेव्हा लाइनमन पुढे निघून गेला होता आणि शेवटच्या बचावपटूच्या बरोबर रेषेत उभा होता.