ठिपक्यांच्या चार फरश्या

ठिपका पायाच्या अंगठ्याखाली आला – गोल, गार, जरासा उद्धट – आणि मिस्त्रीला बरं वाटलं. चपला त्याने बाकाखाली सरकवल्या होत्या. फरशी नीट बसली की नाही हे डोळ्यांना विचारायचं नसतं, डोळे तोंडदेखलं बोलतात, तळव्याला विचारायचं... हे वडिलांनी कानफटात देऊन शिकवलं होतं, आणि शिकवलं होतं तेवढं एकच. नवा फलाट, नवा पूल, नवा जिना – उद्या सकाळी फीत कापायला कुणीतरी येणार, ज्याने जन्मात सिमेंटचं घमेलं उचललं नाही त्याचं नाव दगडात, आणि तो दगड बसवला कुणी? मी! पुसूनही मीच घेतला. जाऊ दे. आज काम संपलं होतं, दोन महिन्यांचं, आणि सकाळचं ऊन फरश्यांवर असं पसरलं होतं की शिव्यासुद्धा तोंडातल्या तोंडात गोड लागत होत्या.

फलाटाच्या कडेने ठिपक्यांचा पिवळा पट्टा, आणि मधून थेट खाली रस्त्याकडे उतरणाऱ्या जिन्यापर्यंत रेघांचा. रेघ म्हणजे चाल, ठिपका म्हणजे थांब. ज्यांना दिसत नाही त्यांच्या पायांसाठी. इंजिनियरने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि मिस्त्रीने मान डोलावली होती, सभेत डोलावतात तशी.

डोळे मिटून तो रेघांवरून निघाला. रेघा... रेघा... सांधा कुठे येतो आणि कुठे जातो, कळतही नाही, लोणी नुसतं – वडील असते तर काही बोलले नसते, म्हणजे खूश झाले असते – रेघा... आणि मग तळव्याखाली काहीच नाही.

"अहो मिस्त्री!" कुणीतरी शर्ट मागे खेचला. झाडूवाल्या मावशी, दुसऱ्या हातात झाडू. "आत्ता धुतलाय मी जिना. डोकं फोडायचं तर जुन्या फलाटावर जा, तिथे तशीही घाण आहे."

तो हसला. मग त्याने वाकून पायाखाली बघितलं. रेघा पायरीच्या ओठापर्यंत गेल्या होत्या. चाल, चाल, चाल – आणि पड! शेवटची आडवी ओळ ठिपक्यांची हवी होती. चार फरश्या.

ती दुपार त्याला आठवली. चुना तोंडात धरल्यासारखी आठवली. कुणी घाई केली नव्हती, कुणी फसवलं नव्हतं. लोकांच्या घरांत वीस वर्षं फरश्या बसवल्या. उंबऱ्याशी रेघ तुटली की मिस्त्रीची अब्रू गेली. हाताने आपणहून रेघेपुढे रेघ लावली, डोकं विडी ओढत होतं. आणि संध्याकाळी ठिपक्यांच्या चार उरल्या, तर हा गडी सगळ्यांना सांगत सुटला – चार वाचवल्या! वाचवल्या आणि घरी नेऊन मोरीत बसवल्या. बायको त्यांवर टाचा घासते. "लग्नानंतर घरात केलेलं हे तुमचं पहिलं काम," म्हणाली होती.

मेहुणा पुलावरून उतरत होता. तो इथला सुपरवायझर, बायकोचा धाकटा भाऊ, गळ्यात ओळखपत्र पदकासारखं.

"भावोजी, या रेघेचा फोटो काढून नेला साहेबांनी. दोरी धरल्यासारखी आहे म्हणाले."

"चुकलीय. इथे ठिपके पाहिजेत. न दिसणारा माणूस खाली जाईल."

"तो एकटा येतोय कशाला? असतंच कुणीतरी बरोबर."

"बरोबर कुणी असतं तर ही वाट कुणासाठी घातली रे? तुझ्या साहेबाच्या फोटोसाठी?"

मेहुणा हळू आवाजात म्हणाला, "गोदामाला आज कुलूप. फोडाल आणि उद्या इथे खड्डा दिसला, तर पुढच्या स्टेशनाचं काम दुसऱ्या मिस्त्रीला. मग ताईला तोंड तुम्ही द्यायचं."

ताईला तोंड आत्ताच द्यायचं होतं. त्याने फोन लावला.

"अगं, मोरीतल्या त्या चार फरश्या काढायच्यात."

"का? माझ्या टाचांनी रेल्वेचं काय घोडं मारलंय?"

त्याने सांगितलं. सगळं, विडीसकट. पलीकडे नळ चालू होता, तो बंद झाला.

"मग फोनवर काय बोलताय? या. बादल्या हलवते मी. एकही फोडू नका म्हणजे झालं. आणि आपल्याकडे काय बसवणार?"

"इथल्या निघतील त्या. रेघांच्या."

"वा! म्हणजे आंघोळीला आलेला माणूस चालत चालत बाहेर!"

तिचं हसू कानात घेऊन तो पायरीशी उकिडवा बसला आणि छिन्नीसाठी सांधा चाचपू लागला. नख शिरेना. इतकी चांगली कशाला बसवलीस रे... एक फुटली तर? घरच्या चारांतली एक जरी फुटली तर? मेहुणा वर उभा राहून घड्याळ बघत होता, बघू दे. रेघ मोडायची या विचाराने हात कापायला हवे होते; ते तर शिवशिवत होते, पोराला आंब्याचं झाड दिसल्यासारखे.

मावशींनी न सांगता बादली पायरीच्या तोंडाशी आडवी ठेवली. "तुम्ही येईपर्यंत," म्हणाल्या.

तो चपला आणायला बाकापर्यंत गेला, त्या हातात घेतल्या, आणि का कोण जाणे, पुन्हा डोळे मिटून रेघांवरून परत फिरला. रेघा... रेघा... लोणी, हरामखोर लोणी... आणि बादलीच्या एक पाऊल अलीकडे पाय आपोआप थांबला. खाली अजून रेघाच होत्या. तळवा तरीही काहीतरी गोल, गार, उद्धट शोधत होता, आणि तो डोळे न उघडता तसाच उभा राहिला, हसत, मागून गाडीची शिट्टी ऐकत.