वळणावरचे दोन हॉर्न

ओर्नेलाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत एक वही टांगलेली असे, तिला पेन्सिल बांधलेली. डॉक्टरीणबाईंनी तीत बाळाच्या दुधाच्या वेळा लिहायला सांगितल्या होत्या. पण नवरा ट्रकवर, पंधरा पंधरा दिवस बाहेर. आठ महिन्यांच्या एलिओला मांडीवर घेऊन दिवसभर खिडकीशी बसणारी बाई दुधाच्याच वेळा किती लिहिणार? हळूहळू ती वहीत पांडा लिहायला लागली.

पांडा म्हणजे ती चौकोनी, बिस्किटाच्या डब्यासारखी छोटी गाडी. तसल्या नव्या निघेनाशा होऊन जमाना झाला. पण पिएत्राफोस्का गावाच्या डोंगरावर अजून तीच चालायची, कारण बर्फात दुसरं काही चढत नसे आणि म्हाताऱ्यांना दुसरं काही चालवता येत नसे. निळ्या गाडीला हिरवं दार, ती पाववाल्या एर्सिलियाची. मागच्या काचेच्या जागी प्लास्टिक, ती मधमाश्यावाल्या उंबेर्तोची. गेल्या हिवाळ्यात अशा अकरा होत्या, आता आठ. म्हातारा गेला की महिन्याभरात शहरातली हौशी पोरं येत, गाडीभोवती फिरून फोटो काढत, "काय जपलीय हो!" म्हणत आणि घेऊन जात.

त्या गावात कोणी कोणाचा चेहरा बघत नसे. गाडी दिसली की माणूस दिसला. "उंबेर्तो दारूच्या दुकानाशी उभा आहे" असं म्हटलं, तर उभी गाडीच असे.

आठातली मातकट रंगाची गाडी ओर्नेलाच्या वडिलांची, दोनातोंची. सकाळी साडेसातला ती वरच्या आळीतून उतरे, खालच्या मळ्यात कोंबड्यांना दाणे टाकायला. ओर्नेलाच्या घराशी रस्ता आंधळं वळण घेतो. तिथं सगळेच हॉर्न देतात, पण एकदा. ही गाडी दोनदा देई. एलिओ तोंडातली मूठ काढून खिडकीकडे मान वळवी.

"आजोबा उतरले हं," ओर्नेला म्हणे आणि वहीत खूण करी.

आजोबांनी नातवाला अजून मांडीवर घेतलं नव्हतं. ओर्नेलाचा भाऊ साबिनो एकोणिसाव्या वर्षी रानात कोसळत्या झाडाखाली सापडून गेला होता. गेलेल्याचं नाव घरातल्या पुढच्या मुलाला ठेवायचं, ही तिथली रीत; नाही ठेवलं तर माणूस दुसऱ्यांदा मरतो म्हणतात. ओर्नेला म्हणे, मी शिकलेली आहे, मला हे पटत नाही. खरं म्हणजे तिला भीती वाटत होती. नावाबरोबर नशीबही आलं तर?

"माझ्या पोराचं नाव तुझ्या पोराला जड झालं काय गं?" बाप्तिस्म्याच्या दिवशी चर्चच्या पायरीवर, चारचौघांत, दोनातोंनी विचारलं होतं.

"बाबा, थडग्यावरचं नाव बाळाला कशाला?" ती बोलून गेली. बोलल्यावर तिची तीच चरकली. दोनातोंनी टोपी घातली आणि ते चालू लागले.

समारंभात पाहुण्यांना वाटायच्या साखरबदामांची एक पुरचुंडी तिनं एर्सिलियाच्या हाती बाबांकडे धाडली. उत्तर नाही. पण दुसऱ्या दिवसापासून वळणावर दोन हॉर्न वाजायला लागले.

येत्या रविवारी बाळाला घेऊन वर जायचंच, असं ती दर सोमवारी ठरवी. मग कधी बाळाला पडसं, कधी रस्त्यावर गोठलेला बर्फ, कधी नुसताच वारा.

"चारशे पावलं तर चढायचीत," पाव देताना एर्सिलिया म्हणाली. "मेणाचं आहे का तुझं बाळ? वितळतंय की मोडतंय?"

"खोकतोय तो, मावशी. जरा ऊन पडू दे. आणि बाबा ठणठणीत आहेत की. आत्ताच उतरले."

"गाडी उतरली खरी," एर्सिलियानं शाल घट्ट ओढली. "बाप हट्टी, लेक बापाच्या वर. जा बाई, लवकर जा."

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी साडेसातला गाडीचा आवाज आला. हॉर्न आला नाही.

एलिओची मूठ तोंडातच राहिली. ओर्नेलानं त्याला शालीत गुंडाळलं आणि घरातल्या सपाता घालूनच ती बर्फात धावली. गाडी वळणावर थांबली होती. काच खाली झाली. आत वडिलांचा शेजारी रोक्को होता.

"रोक्कोकाका? बाबा कुठायत?"

रोक्कोनं टोपी काढली. "तुझ्याचकडे येत होतो, पोरी. पहाटे गेला. झोपेतच."

"काहीतरीच काय! काल तर उतरले. दोनदा हॉर्न..."

"तीन आठवडे मीच उतरतोय. छातीनं दगा दिला होता त्याला, उंबरा ओलांडवेना. दवाखान्यात चल म्हटलं तर ऐकतोय होय! मला म्हणाला, कोंबड्या उपाशी राहिल्या तरी चालतील, वळणावरचे साडेसात चुकवू नकोस. आणि पोरीला कळलं तर तुझी तंगडी मोडीन. कीव येऊन यायला नको ती, यायचं तर आपणहून यावी."

"आणि तुम्ही ऐकलंत, काका?"

"शपथ घातली होती गं." रोक्कोनं बाहीनं नाक पुसलं. "रोज परत गेलो की विचारायचा, बघितलं का रे पोरानं? मला काय दिसतंय या काचेतून! ठोकून द्यायचो, हो, मान वळवली म्हणून."

"वळवायचा," ओर्नेला म्हणाली. "खरंच वळवायचा."

तीन आठवड्यांच्या एकवीस खुणा वहीत होत्या. स्टिअरिंगमागचं डोकं तिनं एकदाही बघितलं नव्हतं.

"दोनदा का पण?"

"एक साबिनोचा, एक याचा, म्हणायचा." रोक्को स्टिअरिंगकडे बघत राहिला. "आज हात उचलेना माझा."

ती बाळाला घेऊन शेजारी बसली. आरशाला साखरबदामांची ती पुरचुंडी लटकत होती, गाठ न सुटलेली, वर छापलेलं एलिओचं नाव उन्हानं पुसट झालेलं. वर पोचायला दोन मिनिटं लागली.

शनिवारी दफन झालं. रविवारी सकाळी ओर्नेला काळ्या कपड्यात खिडकीशी बसली होती. वही तिनं काढून ठेवली होती. वरच्या आळीतून कोणीच उतरलं नाही.

साडेसातला एलिओनं तोंडातली मूठ काढली आणि खिडकीकडे मान वळवली. मूठ बराच वेळ तशीच हवेत होती.